वाटीभर पाणी

नव्या टॉवेलच्या खळीचा वास आला की मला अक्कलकोट रोड एमआयडीसीतला तो माग-फिटर आठवतो. लेकानं फ्रिज, शेगडी, पलंग असलेली मोठी गाडी फिरायला भाड्यानं आणली होती, आणि चादरी घ्यायला म्हणून आम्ही तिथल्या एका कारखान्यापाशी थांबलो होतो. बघते तर गॅसवरचा फ्रिज गारच होईना, आणि ह्यांचं इन्शुलिन त्यातच. लेकानं बटण दहादा दाबलं, ज्योत पेटलेली, तरी आत कोमटच. कामावर निघालेला हा फिटर सायकल टेकवून आत डोकावला. "ह्याला मोटर न्हाय? मग नळीतलं पाणी आपलं आपण फिरतंय की, गाडी तिरपी असली तर अडतंय. मावशी, वाटीभर पाणी द्या." वाटी फ्रिजमध्ये ठेवली, तर पाणी एका काठाला चढलेलं. "माग तिरपा लावला तर चादर सरळ येती व्हय?" म्हणत त्यानं चाकापुढं फळ्या सारून लेकाला गाडी वर घ्यायला लावली, वाटीतलं पाणी सारखं होईपर्यंत. मग खांद्यावरचा नवाकोरा टॉवेल भिजवून त्यात इन्शुलिनचा डबा गुंडाळला. "गार व्हायला सांज हुईल, तवर असू द्या." मला वाटलं, गेला तो आता. पण पाळी सुटल्यावर घामाघूम होऊन परत आला, फ्रिजमध्ये हात घालून बघितलं आणि डबा स्वतःच्या हातानं आत ठेवला. टॉवेल मात्र घेईना. "ऱ्हाऊ द्या मावशी, आमच्यात ह्येच पिकतंय." परवा लेक म्हणाला, आई, आता मोबाईलवर कळतं गाडी सरळ आहे का. मी म्हटलं, बघ की तू मोबाईलवर, तोवर मी वाटी भरते.