दिल्ली कॅन्टॉन्मेंट ते ब्रजघाट: जाताना सतरा, येताना बावीस

सायकलवरून गंगेला जायचं ठरलं ते आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात. मी चपात्या लाटत होते. हे दारात उभे राहून म्हणाले, "पुढच्या शनिवारी ब्रजघाट. शनिवारी जायचं, रविवारी यायचं. चलतेस?"

हे म्हणजे माझे यजमान, हवालदार संपत. गेल्या वर्षी बर्फातल्या पोस्टवर पाय घसरला आणि उजव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ऑपरेशन नीट झालं, पण फौजेच्या भाषेत 'लो मेडिकल कॅटेगरी' मिळाली. म्हणजे नोकरी शाबूत, प्रमोशन मात्र अडकलेलं. तीन आठवड्यांनी मेडिकल बोर्डापुढे उभं राहायचं होतं. त्याआधी गुडघा चालतो हे त्यांना स्वतःलाच दाखवायचं होतं. मला ते कळत होतं, म्हणून मी फार विचारलं नाही.

सायकल आमच्या घरात आली ती या गुडघ्यामुळेच. फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं होतं, "हवालदार साहब, ज़ोर नहीं लगाना है. हल्का गिअर, पैर तेज़." मिनिटाला पायांच्या ऐंशी ते नव्वद फेऱ्या. याला सायकलवाले केडन्स म्हणतात. जड गिअरवर सावकाश पाय मारले की सगळा भार गुडघ्यावर येतो. हलक्या गिअरवर भराभर मारले की दम लागतो, पण सांधे वाचतात. ह्यांना सोबत म्हणून मीही बदली होऊन गेलेल्या एका मेजरसाहेबांची जुनी रोड बाईक घेतली. तेव्हा मला धड सायकल येत नव्हती. दीड महिना परेड ग्राउंडच्या कडेकडेने पडत-धडपडत शिकले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी.

मी आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे मीटरवरचे आकडे मला फार आवडतात. माझ्या मीटरवर वेग, सरासरी आणि केडन्स तिन्ही दिसतात. ह्यांच्याकडे फक्त वेग दिसतो, आणि तेवढाच त्यांना बघायचा असतो.

शनिवार, फेब्रुवारीअखेर. आमच्या लेकीला, सानिकाला, शेजारच्या जाधववहिनींकडे ठेवून पहाटे पाचला निघालो. धौला कुआँ, इंडिया गेट, निजामुद्दीनचा पूल. या वेळी दिल्ली इतकी गुणी असते की हीच ती का, असं वाटावं. गाझीपूरला उजाडलं. पुढे जाणाऱ्यांसाठी सांगते: एक्सप्रेसवेच्या मधल्या लेनवर सायकलला बंदी आहे, बाजूच्या रस्त्यानेच डासन्यापर्यंत जायचं. तिथे उलटी येणारी वाहनं फार, डोळे उघडे ठेवा. जवळ दोन ट्यूब आणि हवेचा पंप हवाच.

हे पुढे, मी मागे. आमचं नेहमीचं तसंच. पिलखुव्यापर्यंत मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. मग मोजायला लागले. पुढच्याचा केडन्स काढायची सोपी युक्ती आहे: पंधरा सेकंदांत त्याचा एक गुडघा किती वेळा वर येतो ते मोजायचं आणि चारने गुणायचं. ह्यांचा गुडघा कधी तेरा वेळा यायचा, कधी चौदा. म्हणजे मिनिटाला साठसुद्धा नाही.

"अहो, गिअर हलका करा ना," मी मागून ओरडले.

"हलका केला की स्पीड पडतं!"

"पडू दे की!"

"मग पोचायचं कधी? परवा?"

ते जोर लावून सायकल पंचवीसवर न्यायचे, पाच-सात मिनिटांनी पंधरावर यायचे, पुन्हा जोर लावायचे. मी मागे ब्रेकवर बोट ठेवून. त्यांना ओलांडून जाणं माझ्या मनातही आलं नाही. खरं म्हणजे आलं, पण मी ते तिथंच ठेवलं.

पिलखुव्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चादरींची दुकानं आहेत, घ्यायचा मोह आवरा, सायकलला डिकी नसते. हापूडला पुरी-भाजी आणि चहा झाला, दोघांचे मिळून शंभराच्या आत. हापूडच्या पुढे मात्र मी सगळं विसरले, कारण ऊस लागला. दोन्हीकडे ऊस, उसाने लादलेल्या रेड्यांच्या गाड्या, आणि सिंभावलीच्या साखर कारखान्याच्या अलीकडेच हवेत मळीचा तो आंबूस-गोड वास. माझं माहेर कराडजवळ. कारखाना सुरू झाला की दिवाळीनंतर गावभर हाच वास असायचा. मी तिथंच थांबून सानिकाला फोन लावला. "अगं, इथं मळीचा वास येतोय, आपल्या गावासारखा!"

"मम्मी, मळी म्हणजे क्या?"

साखर झाल्यावर मागे उरतं ते, एवढंच सांगून फोन ठेवला. दिल्लीत वाढलेल्या मुलीला वासाचं काय समजावणार?

दुपारी दोनच्या सुमारास ब्रजघाट. एकशे दहा किलोमीटर, थांबे सोडून सरासरी सतरा. धर्मशाळेत स्वच्छ खोली सातशेला मिळाली, सायकली जिन्याखाली बांधू दिल्या. संध्याकाळी घाटावर गेलो. नावाडी हाका मारत होते, बायका पानाच्या द्रोणांत दिवे सोडत होत्या, पुलावरून रेल्वे गेली की सगळा घाट थरथरायचा. मी पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले. हे उभेच.

"बसा ना."

"बरं आहे असं."

त्यांना गुडघा वाकवता येत नव्हता. "थंडीनं आखडलंय," म्हणाले. मला राग आला होता. कुणाचा ते मात्र नीट कळेना. त्यांचा, गुडघ्याचा, की दिवसभर मागून सगळं मोजत राहून गप्प बसलेल्या माझा.

सकाळी गुडघा सोललेल्या नारळाएवढा सुजला होता. मी म्हटलं, इथूनच बस घेऊ. तर म्हणाले, "अठरा वर्षांत एकही मार्च मधे सोडला नाही." आणि पट्टी बांधून निघाले. मी या वेळी पुढे झाले. पहिल्यांदाच. "माझ्या मागे राहा, मी मारते तसे पाय मारा," म्हटलं. त्यांनी ऐकलं, आणि त्यांनी ऐकलं याचीच मला जास्त भीती वाटली. अडतीस किलोमीटरला तीन तास लागले.

हापूडच्या थोडं अलीकडे मागचा आवाज बंद झाला. वळून बघितलं तर हे सायकलवरून उतरून रस्त्याकडेला उभे होते. हेल्मेट काढून हातात घेतलेलं.

"मनीषा," ते म्हणाले, "आता नाही जमत मला."

लग्नाला तेरा वर्षं झाली. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी जवळ जाऊन नुसता त्यांचा हात धरला. थोड्या वेळाने दोघं चालत, सायकली ढकलत हापूडच्या बसथांब्यावर आलो. दिल्लीच्या आनंद विहार स्टँडची बस उभी होती. कंडक्टर म्हणाला, "साइकिल छत पे, आधा टिकट लगेगा." मी माझीही सायकल पुढे केली, तर ह्यांनी हँडल धरलं.

"तुझी कशाला?"

"म्हणजे? एकटी कशी येऊ मी?"

"तुझे पाय काय माझ्या गुडघ्याला बांधलेत?" हे हसले, पण डोळे हसत नव्हते. "जा तू. आनंद विहारला मी थांबतो. काही झालं तर फोन कर, रिक्षा करून येतो."

बस निघून गेली. मी हायवेवर एकटी. आधी पाच मिनिटं नुसती पाणी पीत उभी राहिले. मग मीटरवर नवी नोंद सुरू करून निघाले.

पहिले दहा किलोमीटर भीतीत गेले. प्रत्येक ट्रकला माझी पाठ कडक व्हायची. मग कधीतरी भीती सुटली आणि पाय आपोआप फिरायला लागले. मीटरवर बघितलं: केडन्स अठ्ठ्याऐंशी, वेग तेवीस. समोर कुणाची पाठ नव्हती. ब्रेकवर बोट नव्हतं. मला गाणं म्हणावंसं वाटलं आणि मी म्हटलंही, मोठ्याने, ट्रकवाल्यांना ऐकू जाईल असं.

डासन्याला चहाला थांबले. टपरीवरच्या ताईंनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"अकेली हो?"

"हाँ जी."

"आदमी?"

"बस में गए."

"हाय राम! आदमी बस में और तू साइकिल पे?" त्या इतक्या हसल्या की चहा उतू गेला. पैसे काही घेतले नाहीत.

आनंद विहारच्या बाहेर हे एका रसवंतीच्या बाकावर बसले होते, पाय उलट्या क्रेटवर, सायकल भिंतीला टेकवलेली. मला बघताच उठायला लागले, मी हातानेच बसवलं. त्यांनी माझ्यासाठी रसाचा ग्लास सांगितला आणि मग माझ्या हँडलवरचा मीटर काढून हातात घेतला. बटण दाबून कालचा आकडा बघितला, मग हापूडनंतरचा.

"काल सतरा," ते म्हणाले. "आज बावीस."

मी रस पीत राहिले.

"म्हणजे काल तू माझ्यासाठी हळू चालवत होतीस."

"थोडं."

"फक्त काल?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "दिवाळीपासून."

त्यांनी मीटर परत माझ्या हँडलवर बसवला. मग म्हणाले, "आणि मला वाटत होतं, मी तुझ्यासाठी थांबतोय."

तिथून घर पंचवीस किलोमीटर. मला ते सहज करता आले असते, पण मी केले नाहीत. दोन्ही सायकली एका छोट्या टेम्पोत टाकल्या आणि आम्ही मागे सायकलींशेजारी पाय पसरून बसलो. रिंग रोडला त्यांचा डोळा लागला, डोकं माझ्या खांद्यावर.

बोर्डानं कॅटेगरी वाढवली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. त्या दिवशी हे घरी येऊन दोन तास सायकलची चेन पुसत बसले, मग सानिकाला घेऊन आइस्क्रीम खायला गेले. आता ते खरंच हलक्या गिअरवर चालवतात आणि सूज नाही. रविवारी आम्ही एकत्र निघतो, पण धौला कुआँनंतर मी माझ्या पायांनी जाते, ते त्यांच्या. जिथून परत फिरतो त्या चहाच्या टपरीवर मी आधी पोचते. ते पंधरा-वीस मिनिटांनी येतात. पहिल्या रविवारी ती वीस मिनिटं मला फार जड गेली, हेही लिहून ठेवते.

परवा गावाहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. सायकलींचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मला म्हणाल्या, "संपत पुढं असतोय नव्हं? तू त्याच्या मागनं जात जा, रस्त्याला गाड्या लई असत्यात."

ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"आई, ही पुढं असते. मी मागनं येतो. माझा गुडघा अजून बरा नाही."

सासूबाईंनी चेहरा पडद्याच्या जवळ आणून आम्हा दोघांना बघून घेतलं.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "जेवायला तरी एका टायमाला बसता नव्हं?"

"बसतो की."

"मग झालं तर."