दोन नंबरचा रणगाडा

मी आणि आमची ही, आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते रणगाडे चालवण्याचं.

(लष्कराशी आमच्या घराण्याचा काही संबंध नाही. वटार गावात आमची केळीची वाडी आहे. आयुष्यात चालवलेलं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे पाण्याचा पंप, आणि तोही मी हात लावला की बंद पडायचा.) रणगाडे टीव्हीतले होते. देवापुढं दिवा लावून झाल्यावर हिराने, म्हणजे आमच्या हिने, एक रिमोट माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला, घराचं दार सताड उघडलं आणि म्हणाली, "खेळा आता. आख्ख्या गावाला दिसू दे!"

गावाला काय दाखवायचं होतं ते सांगतो. पण त्याआधी ते यंत्र घरात शिरलं कसं, ते सांगावं लागेल.

आमचा दिलीप मुंबईला ऑफिसात, रोज घरून जाऊन-येऊन. त्या दिवाळीला तो एक खोका घेऊन आला. वर चित्र केवढं, आत माल एवढासा. मला तिथंच संशय आला.

"व्हिडिओ गेम आहे बाबा. चिमीसाठी." चिमी म्हणजे त्याची पोर, आठ वर्षांची.

"कशाला लावतात हा?"

"टीव्हीला."

"आनि टीव्ही बिघडला तर?"

"नाही बिघडत."

"पोर बिघडली तर?"

दिलीप खोक्याची दोरी सोडायला लागला. (शाळा तिसरीपर्यंत झाली, पण उलटतपासणीत मी वकिलाला ऐकत नाही.) मला पक्कं ठाऊक होतं, या खेळाने पोरांचे डोळे तिरळे होतात. हे मला हजामाच्या दुकानात एकाने सांगितलं होतं. त्याने जन्मात व्हिडिओ गेम बघितला नव्हता आणि त्याचे स्वतःचे डोळे तिरळे होते, तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवला. माझं असंच आहे. विश्वास परक्यावर, संशय घरच्यांवर!

मी कायदा करून टाकला. "माझ्या घरात अठराच्या आतलं कोनी या डबड्याला हात लावनार नाय. मताला अठरा, लायसनला अठरा, याला पन अठरा!"

हिरा कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आनि लग्नाला?"

"लग्नाचं काय मधेच?"

"मला सोळाव्या वर्षी आनलीत. तेव्हा हे अठरा कुठं ठेवले होते?"

सूनबाई वैशाली पदराआड हसली. ती रोज पेपर वाचते, त्यामुळे तिला मतं आहेत. ती म्हणाली, "बाबा, वयापेक्षा समज बघावी. काहींना आठव्या वर्षीच समज येते."

"आनि काहींना?" मी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

चिमी रडेल असं मला वाटलं होतं. ती कसली रडते! जवळ येऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर अठराचे झालात ना? मग तुम्हीच खेळून बघा. वाईट असेल तर मला सांगा." मला संशय आला, पण बोलणं बिनतोड होतं. मी तपासणीला बसलो. दिवाळी संपली, फराळ संपला, तपासणी काही संपेना!

खेळ असा. पडद्याच्या खालच्या अंगाला विटांच्या कुंपणात एक एवढंसं घर. वरून शत्रूचे रणगाडे उतरतात. आपण आपला रणगाडा घेऊन घर राखायचं. घर फुटलं की खेळ खलास. जोडीनेही खेळता येतं. जोडीदाराची गोळी लागली तर आपण मरत नाही, आपला रणगाडा नुसता जागच्या जागी लुकलुकतो, व्होल्टेज कमी पडलेल्या दिव्यासारखा.

माझी अडचण एकच होती. शत्रू समोरून येतो यावर माझा विश्वासच बसेना! मला सारखं वाटायचं, कोणीतरी मागून येतंय. मग मी गर्रकन वळायचो, आणि वळताना बोट बटणावरच असायचं. मागे कोण? आपलंच घर. धडाम!

"खेळाची कॅसेट बनावट हाय!"

"नाही आजोबा."

"रिमोट डावीकडं ओढतो!"

"नाही ओढत आजोबा."

एकदा मी रिमोट असा भिरकावला की तो हिराने सोललेल्या वालांच्या टोपात पडला. टोपात पाणी होतं. हिराने रिमोट उचलला, लुगड्याला पुसला, उन्हात ठेवला आणि त्याच संध्याकाळी घराची पंचायत बसवली.

"वय-बिय नको आता," ती म्हणाली. "प्रत्येकानं माझ्यासमोर एकदा हरून दाखवा. हरल्यावर कोन काय करतं, ते मी बघते."

दिलीप हरला, डोकं खाजवून आंघोळीला गेला. वैशाली हरली, "अय्या!" म्हणाली आणि डाळ बघायला उठली. चिमी हरली, हातातल्या वाळवलेल्या सुकेळ्याचा चावा घेऊन म्हणाली, "पुन्हा लावू?" हिरा स्वतः हरली आणि म्हणाली, "बरं झालं, तिकडं कांदा करपतोय."

मग मी हरलो. मी काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो, की शेजारी ख्रिस्ती इनासच्या घरी रोजरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना चालू होती, ती मधेच थांबली.

"चिमी पास," हिरा म्हणाली. "तुम्ही नापास."

"अगं, साठी उलटली माझी!"

"तेच तर. एवढं वय मिळालं, सगळं फुकट घालवलंत."

त्या दिवसापासून घरात नवा कायदा झाला. आजोबांनी मोठ्या माणसाशिवाय व्हिडिओ गेम खेळायचा नाही. आणि मोठं माणूस म्हणजे कोण? हिरा. ती कामात असेल तर चिमी!

आता मला खरा संशय आला. मी वाडीत राबतो, तेव्हा या दोघी माझ्यामागे खेळत असणार. घरी आलो की मी आधी टीव्हीच्या डोक्यावर हात ठेवायचो, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. गरम!

"कोन बघत होतं?"

"मी. बातम्या बघत होते," हिरा म्हणाली.

जिला देशाचा पंतप्रधान कोण हे कधी विचारावंसं वाटलं नाही, ती भर दुपारी बातम्या बघते? संशय पक्का झाला!

शनिवारी चिमीची अर्धी शाळा. मी दुपारी वाडीच्या मागच्या अंगाने आलो. तोंडासमोर केळीचं पान धरलेलं. खिडकी उंच, म्हणून केळी भरायची टोपली उपडी घातली, वर चढलो आणि आत डोकावलो. दोघी रंगेहाथ! चिमी टाळ्या पिटत होती. हिरा खेळत होती. रणगाडा डावीकडं वळला की ती पण आख्खी डावीकडं कलायची, उजवीकडं वळला की उजवीकडं. आणि हसत होती, तोंडाला पदर न लावता. मी बघत राहिलो. रागवायचं मी विसरून गेलो, पण आपल्यावर किती वजन आहे ते टोपली विसरली नव्हती.

टोपलीसकट मी खाली, खाली धुण्याची बादली, आणि कुंपणापलीकडून इनासची आरोळी, "चोर! चोर! धरा!"

इनास आकडीच्या लांब काठीने सोनचाफा काढत होता, तो त्या आकडीसकट धावला. मी उठेपर्यंत आकडी माझ्या कॉलरमध्ये अडकलेली. त्याने ओढून मला उभा केला, तोंडावरचं केळीचं पान बाजूला केलं.

"नाना, तू? सोताच्या घरात चोरून कोनाला बघतो?"

"बायकोला!" मी म्हणालो. (आयुष्यात फार थोड्या वेळा मी पटकन खरं बोललो आहे. त्यातली ही एक वेळ.)

इनासने आकडी खाली घेतली. त्याच्या डोळ्यांत दया आली. आवाज खाली आणून तो म्हणाला, "हिराकाकीवर संशय? या वयात?"

"तसला संशय नाय रे!"

"मग कसला?"

"रणगाड्याचा!"

इनासने माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि घाईघाईने बायकोला बोलवायला गेला. एवढ्यात हिरा बाहेर आली. हातात रिमोट, मागे लोंबणारी वायर. मला ओला बघून म्हणाली, "बरे दिसताय."

चार वाजता तंबाखू आणायला एस.टी.च्या थांब्यावर गेलो, तर बातमी माझ्याआधी तिथं पोचलेली. नाना म्हातारपणी बायकोवर पाळत ठेवतो! एकाने तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "लष्करातला हाय म्हनतात, खरं का?"

मी तंबाखू न घेताच घरी आलो आणि हिराला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही तोंड उघडेल आणि इनासची प्रार्थना पुन्हा थांबेल. ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "लष्करातला!" म्हणायची आणि पुन्हा हसायची. मग डोळे पुसून तिने दिवा लावला, दार सताड उघडलं, आणि आम्ही सगळ्या गावादेखत खेळायला बसलो.

इनास आणि त्याची बायको विरजण मागायच्या निमित्ताने पायरीवर येऊन बसली. विरजण नेलं नाही ते नाहीच.

त्या संध्याकाळी माझा हात काय चालला म्हणून सांगू! मी पडदाभर फिरलो, शत्रू शोधून शोधून मारले. घराला ओरखडा नाही. हिराचा दोन नंबरचा रणगाडा मात्र घरासमोर जो उभा राहिला, तो हलेचना.

"अगं, हलव की! घोरपडीसारखी चिकटलीस काय?"

"मला इथंच बरंय."

"भित्री!"

"हो."

मधे मधे मी गर्रकन वळायचो आणि माझी गोळी तिलाच लागायची. ती लुकलुकायची. पुन्हा उभी.

"बघ इनास," मी म्हणालो, "एकटा लढतोय मी. ही नुसती उभी."

"लढवय्या हायस नाना," इनास म्हणाला.

चिमी तोंडावर हात ठेवून हसत होती. मला त्या हसण्याचा संशय आला होता. पण जिंकत असताना कोण चौकशी करतो? शेवटी वीज गेली, तेव्हा खेळ थांबला. आमचं घर शेवटपर्यंत फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीला पाणी लावून आलो, तर हिरा ओट्यावर बसल्या जागी गेलेली. पुढ्यात अर्धे सोललेले वाल. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. मी त्याच्यावर पण संशय घेतला. म्हणालो, पुन्हा बघ, नीट बघ. तो बिचारा पुन्हा खाली बसला आणि त्याने पुन्हा बघितलं.

दिवसवार झाले. मी तो डबडा सुतळीने बांधून माळ्यावर टाकला. "आता कोनीच खेळायचं नाय. अठराचं नाय नि ऐंशीचं नाय." कोणी वाद घातला नाही. हिरा असती तर घातला असता. मला नापास करणारं घरात कोणी उरलंच नव्हतं. मी कुणावरही ओरडलो तरी सगळे "बरं बाबा" म्हणायचे. असं घर मला नको होतं.

मग एका संध्याकाळी चिमी येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आजोबा, मला आजीने पास केलं होतं ना?"

"केलं होतं."

"मग आजी गेली म्हणून मी नापास झाले का?"

मी शिडी लावली, डबडा काढला. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चिमीने दोन नंबरचा रिमोट घेतला आणि खेळ सुरू झाला. मी तंबाखूची गोळी गालात सरकवतो न सरकवतो, तोच घर गेलं. पुन्हा लावला. पुन्हा गेलं! तिसऱ्यांदा तर शत्रू अजून वरच होते, आणि घर साफ!

"कॅसेट दमट झाली माळ्यावर," मी म्हणालो.

"नाही आजोबा."

"मग तेव्हा कसं टिकलं? येवढा वेळ?"

"तेव्हा आजी घरासमोर उभी होती ना."

"ती होय! घाबरून उभी होती. शत्रूला अडवायला."

"शत्रूला नाही," चिमी म्हणाली. "तुम्हाला. तुमची गोळी घराला लागू नये म्हणून. आजी म्हणायची, बाहेरचे येतील तेव्हा येतील, आधी यांना सांभाळू."

मी रिमोट खाली ठेवला. हळूच ठेवला. इनासच्या घरी रोजरी चालू झाली होती, ती त्या दिवशी शेवटपर्यंत नीट पार पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत जायच्या आधी मी टीव्ही लावला. दोन्ही रिमोट घेतले. दोन नंबरचा रणगाडा हळूहळू चालवत नेला आणि घरासमोर, ती उभी असायची तिथंच, उभा केला. तिचा रिमोट तिच्या पाटावर ठेवला. मग माझा घेतला.

चिमी शाळेच्या कपड्यांत आली, एक वेणी झालेली, दुसरीची रिबीन दातांत धरलेली. "आजोबा! मोठ्या माणसाशिवाय खेळायचं नाही!"

"मोठं मानूस हाय की," मी म्हणालो. "ते बघ, समोर उभं हाय."

तिने पडद्याकडे बघितलं. आणि तेवढ्यात मला संशय आला, मागून कोणीतरी येतंय. मी गर्रकन वळलो. गोळी सुटली.

मागे दुसरं कोण असणार? दोन नंबरचा रणगाडा जागच्या जागी लुकलुकला.

चिमीने दातांतली रिबीन काढली आणि म्हणाली, "नापास."