वाचून न दाखवलेली पानं

शिवराम गांगुर्डेनं अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये एकोणतीस वर्षं काढली आणि तेवढ्या वर्षांत स्वतःच्या डोळ्यांनी न बघितलेला एकही आकडा वहीत चढवला नाही. टँकर गेटवर उभा असायचा, ड्रायव्हर शिव्या घालत असायचा, साहेब म्हणायचे, "गांगुर्डे, कालचाच आकडा लिहा ना, माल तोच आहे." शिवराम म्हणायचा, "माल तोच असेल साहेब, पण आजचा मी अजून बघितलेला नाही." या हट्टापायी त्याचं प्रमोशन दोनदा हुकलं. वाईट वाटलं नाही असं नाही, पण सांगताना मात्र तो मान ताठ करूनच सांगायचा.

स्वभाव घरातूनच आलेला. वडील निफाडकडचे. छप्पन साली दीक्षा घेऊन आले ते तडक घरातले देवांचे टाक फडक्यात बांधून कादवा नदीत सोडायला गेले. कुणी सांगितलं म्हणून काही मानायचं नाही, हे त्यांनी पोरांना भाकरीबरोबर भरवलं. शिवरामच्या चिखलोलीच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर दोन तसबिरी आहेत, बुद्धाची आणि बाबासाहेबांची. नवस, उपास, गंडेदोरे यांना त्या घरात कधी उंबरा ओलांडू दिला नाही.

आणि अशा माणसाची बायको येशूला मानायला लागली.

इंदुबाईनं उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात अठरा वर्षं धागे कापले. शेजारच्या मशिनवर भगवंती नावाची सिंधी बाई बसायची. ती आधीपासून येशूची. तेव्हा दोघींत धर्माचं अक्षर निघालं नाही, डबे तेवढे वाटून खाल्ले. पुढे लॉकडाऊनमध्ये इंदुबाईचा सख्खा भाऊ गेला. अंत्यविधीलाही जाता आलं नाही. त्या दिवसांत भगवंतीनं रोज फोन केला. रोज म्हणजे रोज, दोन महिने. सगळं उघडल्यावर इंदुबाई तिच्या खोलीवर बुधवारच्या प्रार्थनेला जाऊ लागली. शिवरामनं भुवया चढवल्या तेव्हा तिनं एकच विचारलं, "आपल्या माणसांपैकी दुसऱ्यांदा फोन कुणी केला, नाव सांगा."

"जा," तो म्हणाला. "पण मला पटवायला येऊ नकोस."

तिनं पटवलं नाही, विचारलं. "अहो, येशू खरंच होऊन गेला का?"

दुसरा असता तर उडवून लावलं असतं. शिवराम खालच्या मजल्यावरच्या नरेंद्र सरांकडे गेला. सर इतिहासाचे, आता निवृत्त. त्यांच्याशी तासभर बोलून वर आला आणि निकाल सांगितल्यासारखा म्हणाला, "होऊन गेला असावा. बहुतेक इतिहासवाले तसं मानतात. सुताराच्या घरचा, गोरगरिबांत फिरला, सरकारनं खांबाला ठोकून मारला. एवढं मला मान्य."

"आणि चमत्कार?"

"ते कुणी तपासलेले नाहीत."

"तुम्ही नव्हता ना तिथं, वही घेऊन," असं म्हणून इंदुबाई खो-खो हसली.

तिचं ते हसणं पुढे कमी झालं, कारण डोळे गेले. साखर जुनीच होती, गोळ्यांत चालढकल असायची. आधी डाव्या डोळ्यात रक्त उतरलं, मग उजव्यात. मुंबईच्या हॉस्पिटलात इंजेक्शनं झाली, लेझर झालं. मार्च महिन्यात डॉक्टरांनी शिवरामला एकट्याला आत बोलावून कागद हातात दिला आणि स्पष्ट सांगितलं, दृष्टी परत येणार नाही. उजव्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, तेवढा टिकवायचा.

तो बाहेर आला. इंदुबाई बाकावर बसली होती. पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली, ती चुकीच्या बाजूला, खांबाकडे. खांबाला तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

शिवराम म्हणाला, "सहा महिन्यांनी फरक पडेल म्हणाले."

एकोणतीस वर्षं साहेबांपुढे न वाकलेला माणूस त्या एका प्रश्नापुढे वाकला. एकदा बोललेलं मागे घेणं दुसऱ्या दिवशी अवघड झालं, आठवड्यानं अशक्य. इंदुबाई रोज सकाळी गॅलरीत उभी राहून स्वतःचा पंजा डोळ्यांसमोर धरायची आणि विचारायची, "आज बोटं जरा सुटी-सुटी वाटतात का हो मला?" तो चहाचं भांडं उगाच घासत बसायचा.

आता ती सगळंच त्याच्या डोळ्यांनी बघायची. लाइटबिल, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, सोसायटीची नोटीस, सगळं तो वाचणार आणि ती मान डोलावणार. एप्रिलमध्ये तिनं भगवंतीनं दिलेलं येशूच्या गोष्टींचं मराठी पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. "माझी इयत्ता दुसरी. डोळे होते तेव्हाही मला झेपलं नाही. तुम्ही वाचा."

"माझा विश्वास नाही, इंदू."

"विश्वास मी ठेवते. तुम्ही फक्त वाचा."

तो वाचू लागला. चहा झाल्यावर, रोज दोन-तीन पानं. पण दुपारी ती झोपली की तीच पानं तो आधी मनात वाचून ठेवायचा. असं करताना त्याला पहिला आंधळा भेटला. येशूनं हात लावला आणि त्याला दिसू लागलं. शिवरामनं पुस्तक मिटलं. संध्याकाळी तेवढा भाग त्यानं गाळला. पुढे आणखी दोन आंधळे आले, मग रस्त्याकडेला भीक मागणारा एक आला. लंगडे, महारोगी, वादळ, पाच भाकऱ्यांत जेवलेली हजारो माणसं, हे सगळं त्यानं कोरड्या आवाजात वाचलं. आंधळे तेवढे सगळे गाळले. खोटी आशा नको, असं तो स्वतःला सांगायचा. सहा महिन्यांची खोटी आशा स्वतःच देऊन बसला होता, हे मात्र त्या वेळी त्याच्या मनात यायचं नाही. माणूस स्वतःपुरता असाच हिशेबात कच्चा असतो.

ऑगस्टमध्ये पुस्तक संपलं. इंदुबाईला केवढा अभिमान! आख्खं पुस्तक ऐकलं म्हणून भगवंतीला फोन केला.

त्यानंतरचा बुधवार. कॅम्प तीनमध्ये कारखान्याच्या वरच्या मजल्यावर भगवंतीची खोली, खाली मशिनींची घरघर. दहा-बारा बायका सतरंजीवर बसलेल्या. शिवराम नेहमीप्रमाणे दाराशी खुर्चीत, बायकोला परत न्यायचं म्हणून. भगवंती अर्धी हिंदी, अर्धी मराठी बोलत होती. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस होता, येशूनं मातीत थुंकून चिखल केला, त्याच्या डोळ्यांना लावला, तलावावर जाऊन धू म्हणाला.

"हे पुस्तकात नाही," इंदुबाई म्हणाली.

"कैसे नहीं है, इंदू बहन?"

"नाही म्हणजे नाही. मी पूर्ण ऐकलंय."

शीला नावाची एक बाई हसली. "बाई, तुमच्या पुस्तकाची शिवण उसवली असेल. पानं गळाली असतील खाली."

बाकीच्याही हसल्या. इंदुबाईचा आवाज चढला. "आमचे हे एक अक्षर सोडणारे नाहीत. कंपनीत जाऊन विचारा. आंधळ्याला दिसायला लागलं असं असतं, तर मला आधी वाचून दाखवलं नसतं का? मला?" तिनं दाराकडे तोंड केलं. या वेळी बरोबर केलं. "अहो, सांगा ना यांना."

खोलीतल्या सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. ज्या एकीला दिसत नव्हतं ती वाट बघत होती. तुझंच बरोबर, एवढं म्हटलं असतं तरी तिची लाज राखली गेली असती.

"आहे," शिवराम म्हणाला. "पुस्तकात आहे. मी वाचलं नाही."

प्रार्थना कशी संपली ते दोघांनाही सांगता येणार नाही. परतीच्या रिक्षात शेजारी कुणीतरी जीन्सचं गाठोडं घेऊन बसलेलं, त्याच्या आडोशाला इंदुबाई अंग चोरून. तिनं रोजच्यासारखा त्याचा दंड धरला नाही. जिना चढतानाही कठड्याला धरून चढली. घरात येऊन पलंगावर बसली आणि मग बोलली.

"किती ठिकाणी गाळलंत?"

"पाच."

"का?"

"तुला उगाच आशा लागेल म्हणून."

"कसली?"

"डोळ्यांची."

"आशा मला येशूनं लावली?" ती म्हणाली. "त्याच्याकडे मी डोळे मागितले, मागितले नाही असं नाही. पण तो देईलच असं मी कधी म्हटलं नव्हतं. सहा महिने कोण म्हणालं? रोज सकाळी गॅलरीत मी कुणाच्या शब्दावर हात धरून उभी राहते?"

तो उठून चहाचं भांडं घासू लागला. ते घासणं तिनं ओळखलं. चाळीस वर्षांचा संसार, एवढं कळायला डोळे लागत नाहीत.

"डॉक्टरांचा कागद काढा."

"इंदू..."

"काढा म्हणते ना!"

त्यानं कपाटातून फाईल काढली. इंग्रजीतली एकेक ओळ वाचायची, मग मराठीत सांगायची. दृष्टी परत येण्याची शक्यता नाही, ही ओळ त्यानं भरभर उरकली. "परत वाचा," ती म्हणाली. त्यानं परत वाचलं. तिनं पदर तोंडाला लावला नाही, हंबरडा फोडला नाही.

मग म्हणाली, "मेलेलं पोर घेऊन एक बाई तुमच्या तथागतांकडे गेली होती, विहारात सांगतात ना? ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरची मोहरी आण म्हणाले. सहा महिन्यांनी उठेल असं नाही सांगितलं त्यांनी तिला." थोडं थांबून ती पुढे बोलली, "तुम्ही येशूला मानत नाही, ते मी चालवून घेतलं. पण तुम्ही बुद्धालाही नाही मानलंत."

शिवरामच्या वडिलांनी त्याला काठीनं मारलं असतं, तरी एवढं लागलं नसतं.

त्यानंतर तिनं त्याचं वाचलेलं काही मानायचं बंद केलं. भांडली नाही. तो गोळी हातावर ठेवायचा, तर ती गोळी मुठीत धरून बसायची, समोरच्या दारातली संजीवनी आली की तिला दाखवायची, "हीच का गं सकाळची?" लाइटबिल संजीवनीनं वाचायचं. लेकीचा, अनुयाचा, पुण्याहून मेसेज आला तर तोही संजीवनीनं. शिवराम तिथंच बसलेला असायचा, चष्मा लावून. कंपनीतल्या कुणी त्याच्या आकड्यावर कधी शंका घेतली नव्हती. आणि आता घरातल्या गोळीला साक्षीदार लागत होता. चूक आपली आहे हे त्याला कळत होतं, म्हणून तोंड उघडायलाही जागा नव्हती. एकदाच त्यानं म्हटलं, "इंदू, मला तुझं तोंड बघवलं नाही त्या दिवशी." ती म्हणाली, "मग डोळे माझे गेले की तुमचे?"

असे तेवीस दिवस गेले. मग एक दिवस भगवंती घरी आली. गुडघे धरत जिना चढली, पाणी प्यायली, आणि मोबाइलवर हिंदीत ती चिखलाची गोष्ट वाचू लागली. शिवराम स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून ऐकत होता. वाचता-वाचता ती रडायला लागली. इंदुबाईचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "देखना बहन, क्रिसमस तक तेरी भी आँखें आ जाएँगी. मेरा दिल बोलता है."

"नको," इंदुबाई म्हणाली.

"क्या नको?"

"तारीख नको. कागद वाचलाय मी."

"कागज़ से बड़ा वो है."

"असेल. मी नाही कुठं म्हणते? त्याला द्यायचे असतील तर देईल, नाही दिले तरी मी त्याचीच. पण मला आता कुणी महिने सांगायचे नाहीत. यांनी नाही, आणि भगवंती, तूही नाही."

भगवंती दुखावली. पण उठून गेली नाही. अठरा वर्षं एका डब्यात जेवलेल्या बायका अशा उठून जात नाहीत. डोळे पुसून म्हणाली, "बहुत कड़क हो गई है तू." थोडा वेळ बसून, चहा घेऊन मग गेली.

दार लागलं तशी इंदुबाईनं हाक मारली. "अहो. तुम्ही वाचा ते. मराठीतलं."

"मी?"

"हिंदीत तिनं रडून वाचलं. मला नीट कळलं नाही. सगळं वाचायचं, आणि मध्ये काही घालायचंही नाही."

शिवराम समोर बसला. त्यानं सुरुवात केली. चिखल, तलाव, डोळे. आवाज कोरडा राहिला नाही, पण त्यानं एक शब्द गाळला नाही. त्या माणसाला दिसायला लागलं ते अर्ध्या पानातच संपलं. पुढे सगळी चौकशी. लोकांचा विश्वास बसेना. आईबाप घाबरले, म्हणाले, आम्हाला काय माहीत, त्यालाच विचारा. तो बिचारा आपला एकच सांगत राहिला, मला दिसत नव्हतं, आता दिसतं. शेवटी मोठ्या लोकांनी त्याला हाकलून दिलं.

"हाकलून दिलं?" इंदुबाई पुढे सरकली. "डोळे मिळाल्यावर?"

"हो."

"मग?"

"मग येशूला ते कळलं. तो त्याला शोधत आला."

बाहेर नव्या स्टेशनच्या कामाकडे जाणारे डंपर धडधडत होते. "शोधत आला," ती स्वतःशीच म्हणाली. "हे भगवंतीनं कधी सांगितलं नाही. सगळ्या नुसतं डोळ्यांचंच सांगतात."

मग तिनं तोंड त्याच्याकडे केलं. "अहो, हे झालं असेल का खरंच? तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा."

हो म्हणणं सोपं होतं. नुसतं 'असेल' म्हटलं तरी ती सुखावली असती, हे त्याला दिसत होतं.

"चिखलानं डोळे आले असं मला वाटत नाही, इंदू," शिवराम म्हणाला. "शोधत आला असेल की नाही, ते सांगता येत नाही. कुणीतरी कुणालातरी शोधत येतं, तेवढं मी मानतो."

इंदुबाईनं मान हलवली. तिचा विश्वास बसल्या जागेवरून हलला नव्हता, त्याचाही नाही. तिनं उशीखालून दुपारची गोळी काढून तळहात पुढे केला.

"संजीवनी कामावर गेलीय," ती म्हणाली. "ही कुठली, बघा बरं."

त्यानं गोळी उजेडात धरली, पाकीट आणून नाव ताडून बघितलं आणि मग सांगितलं.

"द्या पाणी," ती म्हणाली.