त्याचा निरोप मी तीन दिवस ठेवला

कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ती त्याच्या गळ्यात पडली. मी कीबोर्डवर होते. कॅम्पातल्या एका बाईंकडे आठ वर्षं पियानो शिकलेली, परीक्षा दिलेली. तो शनिवार पेठेत दोन खोल्यांत राहायचा आणि कॅसेटवर ऐकून वाजवायचा. जॅझ म्हणजे काय हे त्याला मी सांगितलं. नोटेशन लिहायलाही मीच शिकवलं, आमच्या कोथरूडच्या घरी, माझ्या पियानोवर.

वर्षभरात तो माझ्या पुढे गेला. मी महिनाभर खपून एक धून बांधली होती. त्याने ती एकदा ऐकली आणि तिच्याखाली बेसवर चारच स्वर वाजवले. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. धून माझी होती, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

मग बँडमधले एकेक करून सॉफ्टवेअरमध्ये शिरले. मीही शिरले. त्याने मात्र इंटरव्ह्यूच दिले नाहीत. “त्याचं पुढे कसं होणार गं?” असं आई हळहळायची, आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं.

त्याच्या घरी फोन नव्हता, म्हणून तो सगळ्यांना आमचा नंबर द्यायचा. एका रविवारी दुपारी मुंबईहून एका नावाजलेल्या पियानोवादकाचा फोन आला. त्यांचा बेसवाला सोडून गेला होता, परदेशचा दौरा तोंडावर होता. मंगळवारपर्यंत त्याला फोन करायला सांगा, म्हणाले. संध्याकाळी तो नेहमीसारखा सरावाला आला, चहा प्यायला, नव्या रचनेबद्दल बोलत बसला. फोनचं मी त्याला सांगितलं नाही. बुधवारी त्याच्याकडे जाऊन निरोप दिला. तो तसाच एसटीडी बूथवर गेला. परत आला तेव्हा म्हणाला, “दुसरा घेतला त्यांनी.” ऑफिसात अडकले होते, असं मी सांगितलं.

तो पुण्यातच राहिला. कुणाकडून तरी माणसाएवढा उंच डबल बेस मिळवला, आणि आमच्याच हॉलमध्ये बसून एकामागून एक रचना लिहिल्या. दोन वर्षांनी त्या रचनांचा कार्यक्रम झाला. मला जे लिहायचं होतं आणि कधी जमलं नव्हतं, तेच त्याने लिहिलं होतं. मला टाळ्याही वाजवता येईनात. कार्यक्रमानंतर रंगमंचामागे जाऊन मी त्याला खरं काय ते सांगून टाकलं.

तो तारा पुसत होता. म्हणाला, “माहीत आहे. रविवारी आलेल्या मुंबईच्या फोनचं काय झालं, असं तुझ्या आईनेच विचारलं होतं त्या आठवड्यात.”

“मग बोलला का नाहीस?”

“पियानो तुझ्याकडे होता. मला लिहायचं होतं.”

त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. मी तीन दिवस जळत काढले होते, आणि त्याला त्यावर एक संध्याकाळही घालवावीशी वाटली नव्हती.

पुढे तो परदेशी गेला. त्याच्या सीडी निघतात. प्रत्येक सीडी मी आधी चुका शोधायलाच ऐकते. आजवर दोन सापडल्या. त्या मी त्याला ईमेलने कळवल्या. दोन्ही वेळा त्याचं उत्तर आलं, आभार मानणारं.