रोमच्या पोराचं नाक

धुळ्याच्या आमच्या चित्रकलेच्या वर्गात प्लास्टरचं एक रोमन मुंडकं होतं. दरवर्षी नवी पोरं यायची आणि दरवर्षी तेच मुंडकं स्टुलावर चढायचं. दाट कुरळे केस, खाली झुकलेली नजर, कपाळापासून सरळ उतरलेलं नाक. रोमच्या एका बादशहाचा हा लाडका. ऐन तारुण्यात नाईल नदीत बुडाला. बादशहाने त्याला देव केलं, देवळं बांधली, गावोगाव पुतळे बसवले. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती की सांगतानाच जांभई यायची. त्या नाकाचा तर मला वीट आला होता.

नव्वदच्या आसपास आमचा एक विद्यार्थी तापीत बुडाला. त्या वर्षी ती गोष्ट सांगायला माझं तोंडच उघडलं नाही.

होळीच्या आधी त्याची आई शिंदखेड्याकडून आली. घरातलं तरुण माणूस गेलं की आमच्याकडे चांदीच्या पत्र्यावर त्याचा घोड्यावर बसलेला टाक करतात, वीर म्हणून देव्हाऱ्यात ठेवतात, होळीला मिरवतात. त्याचाही केला होता.

"बठ्ठा वीर सारखाच दिखतस, भाऊ," ती म्हणाली. "सासराबी घोडावर, आंडोरबी घोडावर. माले त्यानं तोंड पाहिजे."

तिच्याकडे आंडोराचा, म्हणजे मुलाचा, फोटो एकच, ओळखपत्रावरचा. त्यावर नेमका नाकावर शिक्का. मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं.

वर्ग सुटल्यावर शाडू घेऊन बसायचो. पाठ भरून यायची, तरी हात आपोआप चालायचे, तेवढंच सुख. ती बघायला आली तेव्हा मातीसमोर उभी राहिली, मग तिने स्टुलाकडे बोट केलं.

"हाऊ मना आंडोर नही शे. हाऊ तर तोच शे."

खरंच होतं. शिक्क्याखालचं जे दिसत नव्हतं, तिथे माझ्या हातांनी सवयीचं नाक बसवलं होतं. त्या नाकामागे डोळे आले, ओठ आले, अख्खा रोमन आला.

"कोना पोऱ्या शे हाऊ?" तिने विचारलं.

मग मला ती गोष्ट सांगावीच लागली. नदी, बादशहा, देवळं, पुतळे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आनि त्यानी माय?"

"माहीत नाही, अक्का. कोणी लिहून ठेवलं नाही."

"बादशा रडना ते बठ्ठासले समजनं," ती म्हणाली. "मायले कोनी इचारं नही."

मला भडभडून आलं. तोंड लपवायला मी खिडकीकडे वळलो, परत वळलो तर तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता. आखूड, जरासं बसकं नाक. वर्गात वहीवर वाकलेलं हेच नाक मी वर्षभर पाहिलं होतं.

मुंडकं उचलून मी कपाटामागे ठेवलं. "अक्का, तुम्ही इथे बसा."

ती बसली, पदर सारखा केला, हलली नाही. दिवस कलेपर्यंत मी तिचं नाक त्याच्या चेहऱ्यावर आणत होतो.

झाल्यावर ती उठून जवळ आली. ओल्या मातीच्या गालावर तिने पंजा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

साचा घेण्याआधी माती गुळगुळीत करतात. मी केली नाही. तिची बोटं त्या गालावर आहेत.