त्या बाईच्या नावाचे घास

मला त्या बाईचा सूड घ्यायचा होता. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजूतदार वगैरे म्हणायला नको. लोक आजारातून उठतात ते देवाच्या कृपेने, आईच्या सेवेने, डॉक्टरच्या हातगुणाने. मी उठले ती रागाने. मला पुन्हा धडधाकट व्हायचं होतं आणि त्या बाईच्या डोळ्यांसमोर ताठ उभं राहायचं होतं. बस्स, दुसरं काही नको होतं.

ती बाई म्हणजे माझी होणारी सासू. झाली नाही, पण व्हायची होती. हुबळीत दुर्गदबैलाच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. माणसं आमच्यासारखीच, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. मी धारवाडची, हुबळीच्या एका शाळेत मास्तरीण, रोज बसने जाऊन येऊन. मुलगा बरा होता, मला आवडलाही होता. बघण्याच्या दिवशी पोहे झाले, चहा झाला, आणि मग त्या बाईनं मला उभं राहायला सांगून वरपासून खालपर्यंत असं बघितलं, की जणू मी ताग्यातलं कापड! हसत हसत म्हणाली, "मुलगी छान आहे हो. फक्त अंगानं जरा जास्त आहे. आमच्या घरी नवरीच्या शालूचा ब्लाऊज सासूच्या लग्नातल्या मापानं शिवायची रीत आहे. माझ्या सासूबाईंनी मला त्यांच्या मापात बसवलं, मोठी सून माझ्या मापात बसली. ही बसली की लगेच साखरपुडा."

सगळे हसले. आईनं हसून मान डोलावली. मला वाटलं, चार-पाच किलोचा तर प्रश्न, त्यात काय एवढं!

त्यात काय एवढं ते पुढे कळलं. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी काकडी, रात्री अर्धी भाकरी, पुढे तीही नको. मधूनमधून ती बाई फोन करायची. "ऊटा आयतेनु?" असं जगातली सगळी माणसं विचारतात, जेवण झालं का म्हणून. ही विचारायची, "जेवली नाहीस ना?" महिन्यामागून महिने असे गेले. पाळी थांबली. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. भर उन्हाळ्यात मी स्वेटर घालून बसने जायची आणि वर्गात फळ्याला हात टेकून शिकवायची. पण ब्लाऊजात बसले! हुक लागले तेव्हा मला रडू आलं, आनंदानं.

ती बाई बघायला आली. हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर आजारी दिसते. गालफडं काय बसलीत, केस किती विरळ! आम्हाला नातवंडं नकोत का?" चहासुद्धा न घेता गेली. दोन दिवसांनी निरोप आला, योग नाही म्हणून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बातमी गल्लीभर व्हायला कितीसा वेळ लागतो? आमच्या गल्लीचं एक आहे, आनंद झाला तरी खायला आणतात आणि वाईट झालं तरी खायला आणतात. लग्न मोडलेली पोर, तीही अशी वाळलेली, मग काय विचारता! कुणी होळगी आणली, म्हणजे तुमची पुरणपोळी, वर वाटीभर तूप. कुणी शिरा, कुणी पेढे. "खा गं पोरी, त्या मेलीच्या नाकावर टिच्चून खा." मलाही तेच हवं होतं. पहिला घास घेतला तेव्हा मनात म्हटलं, हा तुझ्या नावाचा. दुसरा, हाही तुझ्याच नावाचा. तिच्या नावाने मी दोन दिवस नुसती खात होते. आई पदराने डोळे पुसत वाढत होती.

तिसऱ्या दिवशी पाय सुजले. बोटाने दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. जिन्याच्या चार पायऱ्या चढले तर छातीत असं धडधडायला लागलं, की मी कठडा धरून खालीच बसले. आई म्हणाली, "शक्ती येतेय अंगात, हळूहळू होईल." मावशी म्हणाली, दृष्ट लागली. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मात्र दोघींचं काही न ऐकता मला नवनगरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, पाय बघितले, काय काय खाल्लं ते विचारलं, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहराच बदलला. लगेच भरती केलं, रक्त काढलं, सलाईन लावलं. संध्याकाळी खुर्ची ओढून जवळ बसल्या आणि शिकवल्यासारखं समजावून सांगितलं. शरीर खूप दिवस उपाशी राहिलं की ते काटकसरीनं जगायला शिकतं. त्याच्यावर एकदम गोडधोड, भात, पोळी ओतली की ते पचवायच्या धांदलीत रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झरझर खाली येतं. हृदयाचे ठोके चुकतात. उपाशीपणातून निघालेली माणसं भुकेनं नाही, कधीकधी पहिल्या पोटभर जेवणानं जातात. "एवढी घाई कशाला करत होतीस?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगून टाकलं. त्या बाईला दाखवायचंय म्हणून.

मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "दाखव की. पण त्याला जिवंत राहावं लागतं. स्वल्प स्वल्प." स्वल्प स्वल्प म्हणजे थोडं थोडं. मला त्या शब्दाचा इतका संताप आला म्हणून सांगू! सूड घ्यायला निघालेल्या माणसाला कुणी थोडं थोडं सांगतं का?

पण ऐकलं. भरती होते तोवर त्यांच्या नजरेखाली, नंतर घरी. आधी व्हिटॅमिनची गोळी, मग घासभर खाणं. सकाळी ताकातली नाचणीची अंबील, ग्लासभर नाही, वाटीभर. मग अर्धं केळं. दुपारी मऊ भात, वरण, चमचाभर तूप. चार वाजता उकडलेलं अंडं किंवा दही. मूठभर शेंगदाणे बऱ्याच नंतर. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं, पायांवर सूज नाही ना ते बघायचं, आणि मगच वाटीत चमचाभर वाढवायचं. पोट फुगायचं, जड व्हायचं. त्या म्हणाल्या, होणारच, आतडीसुद्धा काम विसरलीत. आणि मधेच अशी भूक खवळायची, की शेजारच्या फोडणीच्या वासाने डोळ्यांत पाणी यायचं. घरात रोज भांडण. आई म्हणायची, "आणखी एक पळी घे, कुठं कळतंय त्यांना." आणि मी, जी आयुष्यात आईला उलटून बोलले नव्हते, ओरडायची, "साकु म्हटलं ना! पुरे! मला मारायचंय का तुला?"

सूड मात्र मी सोडला नव्हता हं. अंबिलीची वाटी उचलली की, हा घोट तुझ्या नावाचा. वजन काट्यावर जरासं सरकलं की, घे, हे तुझ्या मापातून बाहेर गेलं. पाळी परत आली त्या दिवशी मी न्हाणीघरात एकटी हसत बसले होते. कपाळावर नवे केस आले, आखूड, उभे, कुठल्याच तेलाला न जुमानणारे. जिना एका दमात चढायला लागले. आधीच्यासारखी भरले, आणि दिवसातून एकदा तरी मनातल्या मनात त्या बाईसमोर जाऊन उभी राहून आले.

आणि देव कसा असतो बघा. त्या मुलाचं लग्न जमलं आमच्याच गल्लीतल्या मुलीशी. कोपऱ्यावरच्या वकिलांची धाकटी, मला अक्का म्हणणारी. मी धावत तिच्या आईकडे गेले, सगळं सांगितलं, पायांची सूजसुद्धा सांगितली. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं मोडलं म्हणून आमच्यात मोडता घालू नकोस गं." मी घरी आले. पुढे ती मुलगी वाळत गेलेली मी खिडकीतून बघत होते. लग्न जवळ आलं तशी केळवणं सुरू झाली. आठवडाभर उपाशी राहायचं, आणि मग नातेवाइकांच्या घरी पाटाभोवती रांगोळी, पंचपक्वान्नं, "एवढं तर संपवलंच पाहिजे!" मी दोनदा तिला रस्त्यात अडवलं. ती हसून म्हणाली, "अक्का, थोडंच राहिलंय."

लग्नाच्या दिवशी मी विहिणीच्या पंगतीत वाढायला गेले, मागून घेतलं ते काम. आमच्याकडे विहिणीच्या पंगतीचा मान मोठा. आग्रह करकरून वाढायचं, विहीण नको म्हणाली तरी वाढायचं, आणि तिनं रागवायचं नाही. एवढ्या दिवसांत जे जे मनात साठवलं होतं ते या एका रीतीत नेमकं मावत होतं. तुपाची तपेली आणि होळग्यांचं ताट घेऊन मी त्या बाईसमोर उभी राहिले.

तिनं वर बघितलं. ओळखलं. "अगंबाई! परत भरलीस की गं!"

"हो ना, तुमच्याच नावानं खाल्लं सगळं," मी म्हटलं आणि दोन होळग्या वाढल्या. वर तूप. "नको नको" करत तिनं पानावर हात आडवा धरला. मी हाताच्या बाजूनं आणखी एक सरकवली. "असं कसं विहीणबाई, मुलाकडच्यांनी लाजायचं नसतं." बायका हसल्या. ती खात होती, घामाघूम होत होती, आणि मी वाढत होते. काय सांगू, फार गोड वाटत होतं मला.

मग तिच्या शेजारच्या पानाकडे वळले. नवरी खाली मान घालून बसली होती, पान जसंच्या तसं. हिरवा चुडा कोपरापर्यंत वर सारलेला. मी वाढायला वाकले, तेवढ्यात ती बाई म्हणाली, "तिला नको वाढू. आत्ता कुठे मापात आलीय."

नवरी माझ्या कानाशी पुटपुटली, "अक्का, मला उठताच येईना गं. पाय लाकडाचे झालेत." मी शालूचा काठ जरासा सरकवला. सकाळीच घातलेली जोडवी मांसात रुतून बसली होती. मनगट धरलं तर नाडी हाताला लागेना, लागली तर मोजता येईना.

तपेली मी तिथंच खाली ठेवली. "हिला दवाखान्यात न्यायचंय. आत्ता."

"विहिणीच्या पंगतीतून नवरीला कुणी उठवतं का?" ती बाई ओरडली. "अपशकुन करायला आलीस?"

"तुम्ही बसा की," मी म्हटलं. "जेवा सावकाश." वकीलकाका धावत आले, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लेकीला उचललं.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद बघून फक्त एवढंच विचारलं, "शेवटचं पोटभर कधी जेवली?" केळवणांचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. आणखी दोन दिवस गेले असते तर, असं काहीतरी म्हणाल्या आणि वाक्य तसंच सोडून दिलं. नवरीच्या आईनं माझा हात धरला. मी धरू दिला. बोलायला लागले असते तर काय काय निघालं असतं तोंडातून कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीच्या दाराशी मीच बसले होते, कारण एक गोष्ट सगळ्यांनी मान्य केली होती. पोरीला काय आणि किती द्यायचं ते डॉक्टरीणबाई मला सांगणार आणि घरच्यांना मी सांगणार. ती बाई आली. शालू उतरला होता, केस विस्कटलेले, हातात स्टीलचा डबा. रात्रभर झोपली नसावी. डबा पुढे करून म्हणाली, "मऊ भात आणलाय. पोळी नाही, तूप नाही." आणि मग खाली बघत, "किती देऊ गं हिला?"

किती द्यायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. पोरीलाही भूक लागली होती. पण मी लगेच सांगितलं नाही. डबा पुढे केलेल्या तिला थोडा वेळ तसंच उभं राहू दिलं.