मानवतच्या बाईचं स्वेटर

लोकरीचा वास मला आजही सहन होत नाही. नोकरीत असताना थंडीच्या दिवसांत स्टाफरूममध्ये कुणी स्वेटर काढून शेजारच्या खुर्चीवर टाकलं, की मी उठून दुसरीकडे बसायचे. बाकीच्या बायका म्हणायच्या, बाईंचे नखरेच फार. नखरे कसले? अठराव्या वर्षी दोन महिने मी लोकर खाल्लेली आहे. तिचे तंतू माझ्या दातांत असायचे, वरणात असायचे, प्यायच्या पाण्यात तरंगायचे.

सेलूला आमची गल्ली जिनिंगच्या मागच्या बाजूला होती. वडील जिनिंगमध्ये कारकून. हंगामात कापसाचा धुरळा सगळ्या गल्लीवर उडायचा, वाळत घातलेल्या पापडांवरही बसायचा, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. कापूस झटकला की जातो. लोकर घामाला चिकटते आणि खाजवत राहते.

आता मूळ भानगड सांगते. आमच्या गल्लीत पाच घरांत लग्नाच्या मुली होत्या आणि क्रोशाचा रुमाल एकच होता. तो समोरच्या काकूंचा. त्यांच्या मोठ्या बहिणीनं केलेला, लग्नात माहेराहून आलेला. पांढऱ्या दोऱ्यात समोरासमोर दोन मोर, मधे कुंडी. त्यातल्या डावीकडच्या मोराचा एक पाय उंदरानं कुरतडला होता आणि ती जागा कुणीतरी मळकट दोऱ्यानं शिवून घेतली होती. कुणाकडे पाहुणे मुलगी बघायला येणार असले, की तो रुमाल पदराखाली झाकून मागच्या दारानं त्या घरी जायचा. तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री व्हायची. रेडिओ असला तर रेडिओवर, नसला तर ट्रंकेवर पसरायचा. पाहुण्यांना सांगायचं, पोरीच्या हातचं काम आहे. शेजारणीचं लुगडं मागून नेसतात तितकंच ते साधं होतं. मलाही त्यात काही गैर वाटलं नव्हतं. माझ्या आधी त्या रुमालावर गल्लीतल्या तिघी खपल्या होत्या.

माझी पाळी दिवाळीनंतर आली. मानवतची बाई आणि तिचा मुलगा. मुलगा शाळेत मास्तर होता. पोहे खाताना त्यानं मान वर केली नाही, पण निघायच्या आधी मला एकच प्रश्न विचारला, "पुढं शिकायचंय का?" तोपर्यंत असं मला कुणीच विचारलं नव्हतं. वडिलांच्या मते मॅट्रिक म्हणजे मुलीच्या शिक्षणाचा कळस होता. त्या एका प्रश्नावर मी मनातल्या मनात मानवतला जाऊन संसारसुद्धा थाटला. ही सोयरीक जमावी असं मला जिवापासून वाटत होतं, हे आज लपवण्यात अर्थ नाही.

त्याची आई अंगानं भरभक्कम. दम्यामुळे धाप लागायची. तिनं रेडिओवरच्या रुमालाचं टोक उचललं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"हे पोरीनं केलं?"

"मग!" आई म्हणाली. "सुई काय हातातनं सुटतच न्हाई बघा हिच्या. डोळे जातील म्हनलं तरी आयकत न्हाई."

मी क्रोशाच्या सुईला जन्मात हात लावला नव्हता. खाली मान घालून बसले. त्या दिवसांत मुलीनं खाली मान घातली की तिचं सगळं खरंच मानलं जायचं.

मग ती बाई हात धुवायला आईबरोबर आत गेली. बराच वेळ लागला. बाहेर आली ती पदरानं हात पुसत, आणि बसता बसता मला म्हणाली, "मला थंडी सोसत न्हाई बघ. एक स्वेटर करून दी. पुढनं उघडं, गुंड्यांचं. लुगड्यावरनं घालता आलं पायजे, चांगलं ढगळ. ह्याच सुईचं कर, इकतचं नगं. संक्रांतीला घिऊन या, मग सुपारी फोडू."

आईनं लगेच "व्हय इहीनबाई" म्हणूनही टाकलं. सुपारी फुटायची होती आणि ही विहीण करून मोकळी.

वडिलांनी परभणीहून लोकर आणली. कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांचा रंग पाहिलाय? तसली पिवळी. दुकानदारानं न खपलेला माल त्यांच्या गळ्यात मारला होता, वर डांबरगोळ्यांचा वास. काकूंची सुई बारीक, रुमालाच्या दोऱ्याची. लोकरीत घातली की धागा फाटून चार पदर व्हायचे. तेव्हा जिनिंगमधल्या फिटरनं एका पितळी सळईला कानस मारून जाड आकडा करून दिला. तो आकडा धरून घाम आला की बोटं हिरवी व्हायची आणि पितळेचा वास भाकरीलाही लागायचा. मी डाव्या हातानं जेवायला लागले, तर आजूबाजूच्या बायकांना तेवढंच बोलायला मिळालं.

शिकवायला समोरच्या काकू. त्यांना दिवसातून चार वेळा मिश्री लागायची. मिश्रीचं काळं बोट तसंच लोकरीवर फिरायचं. धाग्याचं टोक फिसकटलं की त्या ते तोंडात घालून ओलं करायच्या आणि माझ्या हातात द्यायच्या. नको म्हणायची सोय नव्हती, कारण अख्ख्या गल्लीत तेवढ्याच एका बाईला आकडा धरता येत होता.

त्यांना तरी काय येत होतं? तांब्यावर टाकायची गोल झाकणं. मधून सुरू करायचं आणि गोल गोल फिरत बाहेर यायचं. साखळी, साखळीवर खांब, खांबावर खांब. गोल कामाला कडाच नसते, त्यामुळे ओळ संपल्यावर उलटं फिरताना काय करायचं हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मी स्वेटरची पाठ करायला घेतली आणि प्रत्येक ओळीला एकेक खांब कमी होत गेला. आठवड्यानं हातात आलं ते त्रिकोणी होतं.

"ह्याचं काय व्हईल काकू?"

"टोपडं व्हईल," काकू म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर हसत बसल्या.

उसवलं. उसवलेली लोकर सरळ होत नाही, जंतांसारखी वळवळ करत मांडीवर पडते. तीच पुन्हा गुंडाळायची, तीच पुन्हा विणायची. चार वेळा उसवून माझं मलाच कळलं, की फिरताना तीन साखळ्या घालायच्या आणि त्यांना एक खांब मानायचं. हे मी काकूंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मी तेच तर म्हनायले पहिल्या दिवसापासून." अशा माणसाचं काय करायचं?

मग माप. होणाऱ्या सासूच्या अंगाला फीत लावणार कोण? आईनं अंदाजानं हवेत हात पसरले आणि म्हणाली, एवढी असेल. वर चार बोटं वाढव, ढगळ म्हणालीये. काकू म्हणाल्या, एक वीत वाढव, लुगड्यावर घालायचंय. आणि मग सगळ्यांनी मिळून शहाणपणाची गोष्ट सांगितली: पहिल्या धुण्यात आटेल, म्हणून आणखी वाढव. आमचं कापसाचं गाव. नवं मांजरपाट पाण्यात पडलं की आटतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. सदरा, परकर, झबलं, सगळं आम्ही आटण्याचा हिशेब धरून मोठं शिवायचो. लोकरीचं नशीब वेगळं असतं, हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. मी वाढवत गेले. पाठ, पुढचे दोन भाग, मग बाह्या. डिसेंबरात मांडीवर एवढा ढीग झाला, की दुपारच्या उन्हात त्याखाली माझ्या मांड्यांवर घामोळं आलं. पिवळ्या ढिगाचा, घामाचा, मिश्रीचा, पितळेचा वास एकमेकांत मिसळून गेला होता. सकाळी उठून ते गाठोडं दिसलं की तोंडाची चव जायची.

आणि तरीही, खरं सांगते, डावी बाही सरळ आली त्या दिवशी मी ती सगळ्यांना दाखवत हिंडले होते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आईनं ते स्वेटर धुतलं, आटवून घ्यायला. ओल्या मेंढरासारखा वास घरभर सुटला. दोघींनी मिळून पिळलं आणि दोरीवर खांद्यांनी टांगलं. संध्याकाळी पाहिलं तर ते आटलं नव्हतं, लोंबलं होतं. पाण्याच्या आणि स्वतःच्याच वजनानं खाली खाली येत बाह्या जमिनीला टेकत होत्या. आई म्हणाली, वाळल्यावर वर जाईल. वाळलं, पण वर काही गेलं नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं तर नाकच दिसेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ते घेऊन एस.टी.नं मानवतला गेलो. त्यांच्याकडे हळदीकुंकवाच्या दहाबारा बायका बसल्या होत्या. मास्तर दाराशी उभा. बाईनं लुगड्यावरून स्वेटर घातलं. ते तिच्या गुडघ्यांच्या खाली गेलं. हात बाह्यांत हरवले. एवढी भरभक्कम बाई, पण त्यात ती पिवळ्या पोत्यात घातल्यासारखी दिसत होती. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"हे मात्र हिनंच केलंय बरं का," ती सगळ्यांना म्हणाली. "तो मोराचा रुमाल हिचा न्हवता. तीन वर्साखाली आमच्या भाच्यासाठी त्याच गल्लीत पोरगी बघाय गेलते मी. तिथं बी तोच लंगडा मोर व्हता."

हशा पिकला. मी आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे पाहत होती.

"तुमाला ठाव व्हतं," मी म्हणाले. "मग त्याच दिवशी का न्हाई सांगितलं?"

तिनं एकदा माझ्या आईकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "सांगितलं असतं तर स्वेटर गावलं असतं का? बस खाली. पास झालीस तू. घ्या गं, सुपारी आना."

मी मास्तरकडे पाहिलं. तोही हसत होता. बाकीच्यांसारखाच, मोकळा, आईच्या विनोदाला हसतात तसा. चार वेळा उसवलेली पाठ, हिरवी बोटं, काकूंची थुंकी, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मला त्या घराची किळस आली, त्या सुपारीची आली, त्याच्या त्या पांढऱ्या दातांची आली.

"काढा ते," मी म्हणाले.

"आगं..."

"काढा. गुंडी तुटंल, सावकाश काढा."

हसणं थांबलं. तिनं काढलं. मी घडी घातली, काखेत मारली आणि बाहेर पडले. आई माझ्यामागून आली. कुणी अडवलं नाही.

परतीच्या गाडीत दिवस कललेला होता. आई खिडकीशी बसली होती आणि खिडकीची काच अर्ध्यातच अडकली होती. पाथरी सोडल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिनं पहिल्याच दिशी वळखलं व्हतं. हात धुवायला आत आली तवा म्हनली, लंगडा मोर बघितलाय म्या आधी, आमी उठायलोत."

"मग?"

"मग मी पाय धरले तिचे. म्हनलं, काय बी करायला सांगा, पोरगी करून दावल. दमा हाय म्हनली व्हती, म्हनून स्वेटरचं मीच सुचवलं."

दोन महिने ती माझ्यासमोर बसून लोकर गुंडाळत होती. मी शिव्या घालत होते मानवतच्या बाईला, आणि ती मान हलवत होती.

"कामून?" मी विचारलं.

"त्यानं तुला शिकायचं इचारलं ना," आई म्हणाली. "तुजं तोंड बघितलं मी तवा. तुज्या बापानं काय तुला शिकू दिलं नसतं."

वारा आत येत होता. तिनं पदर कानांवर ओढला, हात काखेत घेतले आणि अंग आवळून बसली. तिच्याकडे गरम कपडा कधीच नव्हता. मी मांडीवरचं स्वेटर उघडलं आणि स्वतः घातलं. सगळ्या गुंड्या लावल्या, वरपासून खालपर्यंत. बाह्यांत हात आत ओढून घेतले. एवढी लोकर, पण तिच्यात ऊब होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सेलू येईपर्यंत आई कुडकुडत होती. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, त्यामुळे मला ते कळत होतं. त्या स्वेटरात आम्ही दोघी सहज मावलो असतो. मी एकही गुंडी सोडली नाही.